परत आलेले पुस्तक किती दिवस ठेवायचे? : पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे दारे लावून घेताना अनेक सार्वजनिक ग्रंथालयांनी परतीची मुदत वाढवली, दंड माफ केला आणि परतीच्या पेट्यांना कुलूप घातले. पुस्तके सध्या घरीच राहू द्या, असा निरोप सभासदांना गेला. पुस्तकातून रोग येईल ही त्यामागची भीती जुनीच होती.

१८८२ मध्ये क्षयाचा जंतू ओळखला गेला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ब्रिटन-अमेरिकेत हातोहात फिरणाऱ्या पुस्तकांची धास्ती पसरली. पुस्तकांना फॉर्मल्डिहाइडची धुरी दिली जाई, कधी ती सरळ जाळली जात. इंग्लंडमध्ये १९०७ च्या कायद्याने संसर्गजन्य आजार असलेल्याने ग्रंथालयाचे पुस्तक नेणे किंवा परत करणे दंडनीय ठरवले. दंड ४० शिलिंगांपर्यंत. गरीब वस्तीतल्या वाचकांविषयीचा तिटकाराही त्या धास्तीत मिसळलेला होता, हे विसरू नये. पुस्तकांमुळे साथ पसरल्याचा भक्कम पुरावा काही पुढे आला नाही आणि ती धास्ती ओसरली.

या वेळी शब्द नवा होता: पुस्तकांचे क्वारंटाइन. मराठीत त्याचा चांगलाच घोळ झाला. आजाऱ्याला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण आणि लागण झाली की नाही हे कळेपर्यंत संपर्कातल्या माणसाला थांबवून ठेवणे म्हणजे अलगीकरण, असा भेद आहे. बोलण्यात आणि फलकांवर मात्र दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी फिरत राहिले. पुस्तकाला यातला एकही नीट लागू पडत नाही. विषाणू कागदावर वाढत नाही, हळूहळू निकामी होतो. पुस्तक नुसते बाजूला ठेवायचे होते, पण ‘क्वारंटाइन’ म्हटल्याबरोबर ते संशयित झाले.

मग दिवस किती? मार्च २०२० मधल्या एका प्रयोगात प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत जिवंत विषाणू आढळला होता. त्यावरून तीन दिवसांचा नियम रूढ झाला. जूनमध्ये अमेरिकेत खास ग्रंथालयांसाठी झालेल्या चाचणीने त्याला दुजोरा दिला: सुट्या मांडलेल्या पुस्तकांवर तिसऱ्या दिवशी विषाणू सापडला नाही. पण सप्टेंबरमध्ये पुस्तके एकावर एक रचून पाहिली, तर सहाव्या दिवशीही तो सापडला. देवघेव विभागात पुस्तके सुटी मांडून ठेवायला जागा कुठून आणायची? त्यामुळे कुठे २४ तास, कुठे ७२, कुठे आठवडा असे ज्याचे त्याचे नियम झाले, आणि टेबले, ढकलगाड्या, वाचनदालने तारखांच्या चिठ्ठ्या लावलेल्या गठ्ठ्यांनी भरली. दुसरा सोपा उपाय नव्हता: जंतुनाशक द्रवाने कागद खराब होतो आणि अतिनील किरण मिटलेल्या पानांत शिरत नाहीत.

चाचणीत विषाणू सापडणे आणि ते पुस्तक हाताळून माणूस आजारी पडणे यांत मोठे अंतर आहे. त्याबद्दल तेव्हा फार कमी बोलले गेले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून लागण होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० त एकाहून कमी असल्याचे सांगितले, आणि हळूहळू गठ्ठे हलले. तीन दिवसांच्या नियमाने कर्मचाऱ्यांना धीर दिला, हे मान्य. पण जेवढी चर्चा कागदाची झाली तेवढी बंद दालनातल्या हवेची व्हायला हवी होती.

बाकी बदल त्या मानाने सुरळीत झाले. आधी मागणी नोंदवून दारातूनच पुस्तके नेण्याची सोय झाली, इमारत बंद असली तरी बाहेरच्यांसाठी वाय-फाय चालू राहिले, वयस्क सभासदांना चौकशीचे फोन गेले.

ई-पुस्तकांचे तसे झाले नाही. एका मोठ्या प्रकाशकाने ग्रंथालयांना नवी ई-पुस्तके देण्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये आठ आठवड्यांची बंधने घातली होती. ती मार्च २०२० मध्ये उठली. त्याच महिन्यात एका ना-नफा डिजिटल संग्रहाने आपल्याकडच्या स्कॅन केलेल्या पुस्तकांसाठीची प्रतीक्षा यादीच काढून टाकली, म्हणजे एकच पुस्तक एकाच वेळी कितीही जणांना मिळू लागले. प्रकाशक जूनमध्ये न्यायालयात गेले, सवलत दोन आठवड्यांत बंद झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही संग्रह हरला. रीतसर घेतलेल्या ई-प्रतींनाही मुदत असतेच. दोन वर्षांच्या परवान्यावर २०२० मध्ये घेतलेली प्रत २०२२ मध्ये यादीतून गेली, किंवा तिचे पैसे पुन्हा मोजावे लागले.