सुई टोचली तर काय करायचं: नियमांमागचा इतिहास

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी १९४१ मध्ये चीनमधल्या ज्या रुग्णालयाची सूत्रं हाती घेतली, त्याला कॅनडाचे सर्जन डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचं नाव होतं. बेथ्यून युद्धभूमीवर राबले, पण गेले ते गोळी लागून नव्हे. १९३९ च्या ऑक्टोबरअखेर शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखम चिघळली, जंतुदोष रक्तात पसरला आणि १२ नोव्हेंबरला त्यांचा मृत्यू झाला. कोटणीसांचं नाव अभिमानाने घेणाऱ्या आपल्या शहराला हेही ठाऊक हवं.

प्रतिजैविकं आल्यावर ही धास्ती ओसरली. रक्तातून पसरणारा यकृताचा आजार, हिपॅटायटिस बी, मात्र रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना गाठतच राहिला. त्याची लस आली १९८१ मध्ये. १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये सुईतून एचआयव्हीची लागण झाल्याची नोंद झाली आणि जग हादरलं. खरं तर बाधित सुई टोचल्यावर एचआयव्हीचा धोका साधारण तीनशेत एक. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका शंभरात तीसपर्यंत. तरी भीती एचआयव्हीचीच जास्त, आणि नियम बदलले तेही तिच्यामुळेच. प्रत्येक रुग्णाचं रक्त बाधित समजूनच वागा, हे तत्त्व १९८७ मध्ये अमेरिकेत रुजलं आणि पुढे आपल्याकडेही आलं.

सुई टोचते कशी? नाइट ड्युटीच्या घाईत सिस्टर वापरलेल्या सुईला टोपण परत बसवायला जातात. नाहीतर बोळ्यांत गुंडाळलेली सुई पिशवीत राहते आणि पिशवी उचलणाऱ्या मावशींच्या तळव्यात घुसते. म्हणून २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी सुयांसाठी सुई आरपार न जाणारा पांढरा डबा ठरवून दिला. टोचल्यावर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच कळवायचं. एचआयव्ही प्रतिबंधाची गोळी शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायची. ती पुरवणं ही संस्थेची जबाबदारी आहे, असं २०१७ चा एचआयव्ही कायदा सांगतो.

त्याच २०१६ च्या नियमांत कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बीची लस देणं बंधनकारक आहे. डोस तीन, मुदत सहा महिने. मावशींना कामावर ठेवणारा ठेकेदार मधेच बदलला तर त्यांचे उरलेले डोस रुग्णालयाने स्वतःच्या नोंदवहीतून पूर्ण करायला हवेत.