टाचेतले थेंब आणि त्यांचा दर

गेल्या आषाढात माझी भाची रत्नागिरीत बाळंत झाली. बिलात 'नवजात तपासणी' म्हणून भलीमोठी रक्कम होती. जावई म्हणाले, "मामा, बाळ तर ठणठणीत आहे. मग हे कशाला?"

त्यातली मुख्य तपासणी थायरॉइडची. हजारात साधारण एका बाळाची थायरॉइड ग्रंथी जन्मतःच नसते किंवा नीट चालत नाही. या ग्रंथीचं संप्रेरक म्हणजे थायरॉक्सिन. आईचं थायरॉक्सिन वारेतून थोडं मिळालेलं असतं, म्हणून सुरुवातीला काही कळत नाही. बाळ झोपाळू, कमी रडणारं. घरचे म्हणतात, "किती गुणी!" तोवर मेंदूची वाढ खुंटत असते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची स्वस्त गोळी कुटून आईच्या दुधात द्यायला सुरुवात झाली, तर हे टळतं. पाचवीला सटवाई पुजा, पण बाळाची बुद्धी ती कपाळावर लिहीत नाही; थायरॉक्सिन घडवतं.

आता यातली खरी गंमत. मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्युइटरी ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक सोडून थायरॉइडला कामाला लावते. थायरॉक्सिन पुरेसं झालं की टीएसएच उतरतं. कमी पडलं की चढत जातं. म्हणून टाचेला टोचून थेंब गाळणकागदावर घेतात आणि टीएसएच मोजतात. पण गर्भाशयाची ऊब सुटून गारठा लागताच निरोगी बाळाचंही टीएसएच अर्ध्या तासात उसळतं आणि दोनेक दिवसांत ओसरतं. त्यामुळे नमुना जन्मानंतर 48 ते 72 तासांदरम्यान घेतलेला बरा. भाचीच्या बाळाचा घेतला अठराव्या तासाला. आकडा वाढलेला आला, घरात रडारड. आठवड्याने पुन्हा टोचलं, सगळं नॉर्मल. पैसे मात्र दोनदा भरले.

आपल्याकडे आणखी एक अडचण, पावसाळ्याची. कागद सावलीत आडवा ठेवून किमान तीन-चार तास वाळवावा लागतो. कोकणातल्या दमट हवेत तो ओलसरच पाकिटात गेला की नमुना वाया, पुन्हा टाच.

अमेरिकेत तपासण्यांची यादी प्रत्येक राज्य ठरवतं. बहुतेक राज्यं शुल्कही बांधून देतात. न्यूयॉर्क तर पालकांकडून काहीच घेत नाही. मुलांच्या तपासणीसाठी असलेल्या आपल्या सरकारी राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये पालघरलाच झाली आणि थायरॉइडचा हा आजार त्याच्या यादीत आहे. खासगीत मात्र दर ज्याचा त्याचा, वर घाबरलेल्या आईबापांना दुर्मिळ आजारांची लांबलचक पॅकेजं. दर बांधता येत नाहीत असं नाही. करोनात राज्य शासनाने आरटीपीसीआर 4500 रुपयांवरून जून 2020 मध्ये 2200वर आणि मार्च 2021 पर्यंत 500वर आणली होती. थायरॉइडच्या या एका तपासणीचा दर तसाच बांधावा, आणि फेरनमुना त्याच पैशात धरावा.