युरोपावरील भूरूपे

युरोपावरील भूरूपे : गुरूच्या युरोपा या उपग्रहाच्या बर्फाच्या कवचावर आढळणारे कटक (लांबट उंचवटे), पट्टे, चापाकृती भेगा, विस्कटलेले ‘केऑस’ प्रदेश व तुरळक विवरे. युरोपाचा व्यास सु. ३,१२० किमी. म्हणजे चंद्रापेक्षा थोडा कमी आहे. पृष्ठाचे तापमान विषुववृत्तावर सु. −१६०° से. असून ध्रुवांकडे ते −२२०° से. पर्यंत उतरते. या थंडीत बर्फ खडकासारखा कठीण होतो. त्यामुळे येथील खडक म्हणजे बर्फ आणि शिलारस म्हणजे खारे पाणी. कवचाची जाडी काही किमी. पासून ३० किमी. पर्यंत सांगितली जाते. मोठ्या विवरांची घडण पाहता पातळ कवचाचा पक्ष दुबळा ठरतो. कवचाखाली महासागर असल्याचा सर्वांत सबळ पुरावा गॅलिलीओ यानाच्या (१९९५–२००३) चुंबकत्वमापकाने दिला.

भूरूपे घडवणारी मुख्य बळे दोन : भरती-ओहोटी आणि पाण्याचे गोठणे. युरोपा ३.५५ दिवसांत गुरूभोवती फेरी मारतो. आयो, युरोपा व गॅनिमीड या गुरूच्या उपग्रहांच्या परिभ्रमणकाळांचे प्रमाण सु. १ : २ : ४ असल्याने युरोपाच्या कक्षेची विमध्यता, म्हणजे लंबगोलपणा (सु. ०.००९), कधी मिटत नाही. गुरूपासूनचे अंतर सतत बदलत राहते आणि महासागर असल्यास पृष्ठभाग प्रत्येक फेरीत सु. ३० मी. वर-खाली होतो. त्यातून येणारा ताण जेमतेम १०० किलोपास्कल, म्हणजे पृथ्वीवरील हवेच्या दाबाएवढा असतो. दुसरे बळ संथ आहे : महासागराचा वरचा थर गोठताना सु. ९ टक्के प्रसरण पावतो आणि वरचे कवच ताणले जाते.

चापाकृती भेगांचा उलगडा १९९९ मध्ये हॉपा व सहकाऱ्यांनी केला आणि तो बहुतेकांना मान्य आहे. ताण सु. ४० किलोपास्कलवर गेला की भेग पडते व माणसाच्या चालीने पुढे सरकते. फेरीबरोबर ताणाची दिशा फिरते, तशी भेगही वळते. ताण ओसरला की थांबते. पुढल्या फेरीत ती त्याच टोकापासून नव्या दिशेने निघते, म्हणून दोन कमानींच्या सांध्यावर टोक येते. सु. १०० किमी. लांबीची एक कमान म्हणजे ८५ तासांचे काम. शुद्ध बर्फ इतक्या कमी ताणाने फुटत नाही, तेव्हा वरचा थर आधीच भेगाळलेला मानावा लागतो.

द्विकटक : मधे खाच व दोन्ही बाजूंना समांतर धारा असलेले हे सर्वांत विपुल भूरूप आहे. रुंदी साधारण अर्धा ते दोन किमी., उंची फार तर काही शे मीटर, लांबी मात्र शेकडो किमी. इतक्या अंतरावर आकार जवळजवळ एकसारखा राहतो आणि कोणत्याही उपपत्तीची खरी कसोटी तीच. उत्पत्तीबद्दल एकमत नाही. ग्रीनबर्ग व सहकाऱ्यांच्या मते भेग समुद्रापर्यंत आरपार असते. भरती-ओहोटीच्या ताणाने ती उघडते, पाणी वर येऊन गोठते, ताण उलटला की ती मिटते आणि बर्फाचा लगदा दोन्ही काठांवर पिळून निघतो. कल्पना सुटसुटीत आहे, पण गणित जुळत नाही. युरोपाचे गुरुत्व १.३१ मी./से.² धरले तर बर्फाच्या भाराचा दाब दर किमी.ला सु. १.२ मेगापास्कलने वाढतो. १०० किलोपास्कलचा ताण भेग उघडी ठेवू शकतो तो जेमतेम ८० मी. खोलीपर्यंत. कटक म्हणजे भेगेतून उडालेल्या फवाऱ्यातून पडलेल्या बर्फाचे ढीग मानावेत, तर काही कटकांच्या बाहेरील उतारांवर जुन्या भूप्रदेशाच्या रेघा तशाच चढत गेलेल्या दिसतात. ढिगाखाली त्या गाडल्या गेल्या असत्या. याच निरीक्षणावरून हेड व पापालार्दो यांनी खालून वर येणाऱ्या उबदार बर्फाने काठ उचलले जातात असे मांडले. निम्मो व गेडॉस (२००२) यांनी भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घासून उष्णता निर्माण होते असे दाखवले. सरकलेल्या कटकांना हे लागू पडते, परंतु अनेक कटकांवर सरकल्याची खूणच नाही.

अलीकडे उथळ पाण्याच्या उपपत्तीकडे कल आहे. तीनुसार भेगेत शिरलेले पाणी पृष्ठापासून थोड्या खोलीवर आडवे पसरते. त्याचा मधला भाग आधी गोठून खुंटा बसतो, उरलेले पाणी दोन बाजूंना अडकते आणि गोठताना दाब वाढून दोन्ही काठ वर ढकलते. वायव्य ग्रीनलंडमध्ये अशाच आकाराचा लहान द्विकटक हवाई रडारने टिपलेला आहे (कलबर्ग व सहकारी, २०२२). अडचण एकच, पण मोठी : बर्फापेक्षा जड खारे पाणी इतक्या उथळ जागी, इतक्या कटकांखाली पोचले आणि टिकले कसे?

पट्टे : काही ठिकाणी कवच फाटून दुभंगले व मधे नवा बर्फ भरला, दोन काठ मिटवले की जुन्या रेघा पुन्हा जुळतात. एवढी नवी जागा झाली तर जुनी कुठे गेली, या प्रश्नावर कॅटनहॉर्न व प्रॉक्टर यांनी २०१४ मध्ये बर्फकवचाचा एक तुकडा दुसऱ्याखाली गेल्याचे सुचवले. थंड बर्फ खालच्या उबदार बर्फात किती बुडेल हे त्यातील क्षारांवर अवलंबून आहे.

केऑस : कोनामारा या केऑस प्रदेशात काही किमी. रुंदीचे ठोकळे फिरून, कलून खडबडीत बर्फात अडकले आहेत. कवच पूर्ण वितळले, खालून उबदार बर्फ चढला, की सु. ३ किमी. खोलीवर पाण्याचे भिंग तयार होऊन वरचे छत कोसळले (श्मिट व सहकारी, २०११), असे तीन पक्ष आहेत. कवच जाड असल्यास पहिला टिकत नाही.

वय : विवरे थोडी असल्याने पृष्ठ सु. ४ ते ९ कोटी वर्षांचे मानतात. लहान विवरे बहुतांशी मोठ्या आघातांतून उडालेल्या तुकड्यांची असल्याने ती वयासाठी मोजणे धोक्याचे. कोण कोणाला छेदते त्यावरून कटकयुक्त मैदाने जुनी, पट्टे नंतरचे व केऑस बहुधा शेवटचे.

गॅलिलीओची मुख्य अँटेना न उघडल्याने बारकाव्याची छायाचित्रे थोड्याच भागाची आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर यान २०३० मध्ये गुरूपाशी पोचणे अपेक्षित आहे. त्याचे रडार ६० व ९ मेगाहर्ट्झवर चालेल : पहिली वारंवारता वरच्या काही किमी.साठी, दुसरी अधिक खोलीसाठी. द्विकटकांखाली पाणी आजही शिल्लक असेल तर उथळ, आडवा व ठळक प्रतिध्वनी यावा. ते पूर्ण गोठले असेल तर गोठलेल्या थराची क्षारता किती, यावर प्रतिध्वनी उठेल की नाही ते ठरेल.