पार्श्वभूमी : ‘घाण पाणी’ आणि सक्शनची नळी

प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘बाळाने घाण पाणी पिलं.’ आजी सांगते, वडील फोनवर सांगतात, आणि नातेवाइकांना पटकन कळावे म्हणून आतल्या सिस्टरही तेच सांगतात. या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी कालवल्या गेल्या आहेत. बाळाने पोटातच शी केली, ही पहिली. ती गर्भजलात मिसळून पाणी हिरवे झाले, ही दुसरी. त्यातले काही श्वासनलिकेत गेले, ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टी शंभरातल्या दहा-पंधरा बाळंतपणांत दिसतात. तिसरीमुळे फुप्फुसाचा आजार होण्याची वेळ त्यातल्याही साधारण पाच टक्के बाळांवर येते. पिण्याचा तर इथे संबंधच नाही. पोटात गेलेल्या पाण्याने फार तर दोन-चार उलट्या होतात. प्रश्न असतो तो श्वासाच्या वाटेत अडकलेल्याचा.

पण शब्द पिण्याचा पडला, म्हणून उपायही उपसून काढण्याचाच सुचला. जन्मल्या जन्मल्या बाळाच्या घशात नळी घालायची की नाही, हा वाद जवळपास चाळीस वर्षे चालला. नवजात बाळाच्या पहिल्या मिनिटाबद्दलचे बाकीचे बरेच वादही याच वळणाने गेले आहेत.

फार मागे जायचे तर चरकसंहितेच्या शारीरस्थानात निपचित जन्मलेल्या बाळासाठी सूचना आहेत : कानाजवळ दगडावर दगड आपटावा, तोंडावर गार किंवा कोमट पाणी शिंपडावे, तरीही हालचाल नसेल तर सुपाने वारा घालावा, प्राण परत येईपर्यंत. टाळू, ओठ, घसा, जीभ पुसण्याची सूचना त्याच्या नंतर येते, आणि तीही नखे नीट कापलेल्या बोटाला स्वच्छ कापूस गुंडाळून. आधी श्वास, मग सफाई, असा हा क्रम. यावरून कुणी ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ म्हणू नये, कारण दगडांच्या आवाजाने फुप्फुस भरत नाही. क्रम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढच्या काळात युरोपात बाळाला खांद्यावरून हेलकावे देणे, गरम-गार पाण्यात आळीपाळीने बुडवणे असे प्रकार चालत. आपल्याकडे अनेक भागांत सुईणी बाळामागून पडलेली वार गरम करत, तिच्यातला जीव नाळेतून बाळात परत येईल या समजुतीने. थाळी बडवणेही होतेच.

१९५०च्या दशकात जन्मानंतर एका मिनिटाने गुण देण्याची पद्धत अमेरिकेतल्या एका भूलतज्ज्ञ बाईंनी रूढ केली. हीच ती ‘अपगार’ पद्धत, बाळाचे ठोके, श्वास, रंग वगैरे पाहून दहापैकी गुण देण्याची; इथे तिचा विस्तार नको. एवढेच सांगायला हवे की मिनिटभर थांबून गुण मोजायचे आणि मग उपचार ठरवायचे, हा तिचा वापर चुकीचा होता. मिनिट संपेपर्यंत बाळाला हवा मिळायला लागलेली असली पाहिजे. १९५६मध्ये श्वासाच्या त्रासासाठी वेगळे गुणांकन आले. त्यात बरगड्यांमधल्या आणि छातीच्या टोकाशी पडणाऱ्या खळग्या, फुलणाऱ्या नाकपुड्या आणि कण्हणे मोजतात. पहिल्या पद्धतीत दहा गुण म्हणजे बाळ उत्तम, दुसरीत दहा म्हणजे बाळ जाण्याच्या बेतात. नवे निवासी डॉक्टर रात्रीच्या ड्यूटीला या दोन आकड्यांची सरमिसळ करतात, तो दोष सर्वस्वी त्यांचा नाही.

आता नळीकडे येऊ. १९७०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतून काही अहवाल आले. पाणी हिरवे असेल तर डोके बाहेर येताच, खांदे सुटण्याआधी नाक-घसा ओढून घ्यावा, आणि जन्मानंतर लगेच श्वासनलिकेत नळी घालून तीही साफ करावी. असे केलेल्या बाळांमध्ये आजार कमी दिसला, असा त्यांचा सूर होता. या अभ्यासांत चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. जुन्या नोंदींशी नव्या नोंदींची तुलना होती. तरीही पद्धत जगभर पसरली, कारण ती डोळ्यांना पटणारी होती. नळीतून हिरवे काहीतरी बाहेर येताना दिसते, आणि दिसल्यावर ‘हे आत राहिले असते तर?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

आपल्याकडे या पद्धतीचे हत्यार म्हणजे म्यूकस सकर. मधे बोटाएवढी पारदर्शक बाटली, तिला दोन नळ्या. एक बाळाच्या तोंडात, दुसरी सिस्टरच्या. सिस्टर गाल आत ओढून खेचायची आणि बाटलीत हिरवट, बुळबुळीत काहीतरी जमा व्हायचे. वीज लागत नाही, मशीन लागत नाही, खिशात मावते. बाळाचे ते पाणी बाटली भरून कधी आपल्या तोंडात येईल याची धास्ती असायचीच. एचआयव्हीची भीती आली तेव्हा तोंडाने ओढणे हळूहळू थांबले आणि पायाने दाबायची किंवा विजेवरची मशीन आली. त्या वेळी बदलले ते ओढण्याचे साधन. ओढावे की नाही, हे कुणी विचारले नाही.

ते मोठ्या प्रमाणावर विचारले गेले २००० साली. जोमदार जन्मलेल्या, म्हणजे श्वास जोरात, हातपाय आखडलेले आणि ठोके शंभराच्या वर असलेल्या २,०९४ बाळांवर चिठ्ठ्या टाकून अभ्यास झाला. नळी घातलेल्यांत आजार ३.२ टक्के, न घातलेल्यांत २.७ टक्के. म्हणजे रडणाऱ्या बाळाला पकडून त्याच्या घशात नळी घालण्याने काही साधत नव्हते. २००४मध्ये २,५१४ बाळांचा अभ्यास आला, त्यातली बहुतेक अर्जेंटिनातली. खांदे सुटण्याआधी ओढले काय, न ओढले काय, दोन्ही गटांत आजार चार टक्केच. कारणही तोवर नीट कळले होते : बऱ्याच बाळांमध्ये मळ फुप्फुसात जातो तो जन्माआधीच, पोटात प्राणवायू कमी पडून बाळ आचके देते तेव्हा. दारात उभे राहून झाडू मारण्यात फारसा अर्थ नव्हता.

उरला तो एकच गट, निपचित जन्मलेल्या बाळांचा. खरा वाद इथला. २०१०च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी या बाळांसाठी जुनीच पद्धत कायम ठेवली. बदलण्याइतका पुरावा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ती सुरू करण्याइतका पुरावा तरी कधी होता, हे मात्र कुणी विचारले नाही. २०१५मध्ये सूचना उलटी झाली : निपचित बाळालाही सरसकट नळी नको, त्याला आधी हवा द्या.

या बदलाच्या वेळच्या आणि लगेच नंतरच्या मोजक्या अभ्यासांपैकी दोन आपल्या देशातले होते. पुदुच्चेरीचा १२२ बाळांचा, दिल्लीचा १७५ बाळांचा. दिल्लीच्या अभ्यासात नळी घातलेल्यांत आजार ३२ टक्के आणि न घातलेल्यांत २६ टक्के होता. हा फरक निर्णायक म्हणता येण्याइतका नाही, पण निदान नळीच्या बाजूचा तरी नाही. हे अभ्यास इथेच का झाले, हे उघड आहे. अमेरिकेत तारीख उलटण्याआधी, म्हणजे बाळाने पोटात शी करण्याची शक्यता वाढण्याआधीच, कळा सुरू करून देतात, त्यामुळे तिथे अशी बाळे कमी झाली. आपल्याकडे ती रोज येतात. पुरावा आपल्या वॉर्डांत जमला आणि निर्णयाची बैठक दुसरीकडे झाली, याची थोडी बोच मला आहे. ती असू द्या.

विरोधकांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. एवढ्याशा संख्येवर चाळीस वर्षांची पद्धत मोडता का, असे ते विचारत. बदलानंतर अमेरिकेतल्या काही रुग्णालयांना श्वासाच्या त्रासाने अतिदक्षता विभागात जाणारी बाळे वाढलेली दिसली. मोठ्या प्रमाणावरच्या नोंदींत मात्र तशी वाढ दिसली नाही. आणखी एक भीती होती, तिच्याबद्दल कमी बोलले गेले : नळी घालण्याचा हातच राहणार नाही, आणि खरोखर श्वासमार्ग बंद असलेले बाळ आले तर नळी घालणार कोण? ती भीती आजही रास्त आहे. सूचनांत त्या अपवादाला जागा ठेवलेली आहे.

माझा कल सांगून टाकतो. घशात खोलवर नळी गेली की बाळाचे आधीच मंद असलेले ठोके आणखी मंदावतात. आणि स्वरयंत्र दिसेना, पुन्हा प्रयत्न, नळी तुंबली, दुसरी द्या, यात पहिले मिनिट निघून जाते. निपचित बाळाकडे तेवढेच मिनिट असते.

प्राणवायूचे प्रकरण याच चालीचे, म्हणून थोडक्यात. १९४० आणि ५०च्या दशकांत अपुऱ्या दिवसांच्या हजारो बाळांची दृष्टी मनमुराद दिलेल्या प्राणवायूने गेली. मग हात इतका आखडला की बाळे दगावू लागली. पुऱ्या दिवसांच्या बाळाला मात्र शंभर टक्के प्राणवायूच देत राहिले, थेट २०१०पर्यंत. साध्या हवेने भागते का, हे तपासणारा सुरुवातीचा अभ्यास १९९३मध्ये दिल्लीत ८४ बाळांवर झाला, १९९८मध्ये अनेक देशांत मिळून मोठा. भागते, असे उत्तर आले. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत काटा आता पुन्हा थोडा वर सरकतो आहे.

रुग्णालयाबाहेरचा धागा गडचिरोलीतून येतो. तिथल्या एका संस्थेने १९९५पासून ३९ गावांत, घरीच होणाऱ्या बाळंतपणांत, गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. न श्वास घेणाऱ्या बाळाला आधी तोंडाने, मग नळी-मास्कने, मग बॅग-मास्कने, म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने, हवा देणे त्यात होते. बॅग दाबणारी बाई डॉक्टर असलीच पाहिजे असे नाही, हे तिथे दिसले. २००९मध्ये सरकारने सिस्टर आणि डॉक्टरांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण देशभर सुरू केले. ‘दाबा, दोन, तीन’ ही लय त्या वर्गांतली. बॅग अडीचशे ते पाचशे मिलिलिटरची आणि बाळाचा एक श्वास जेमतेम पंधरा-वीसचा, त्यामुळे दोन बोटांनी दाबायची. पहिल्यांदा शिकणारे सगळा पंजा लावतात.

पहिल्या मिनिटानंतरचा टप्पा बबल सीपॅपचा, म्हणजे नाकातून सतत हलका दाब देऊन फुप्फुसे उघडी ठेवण्याचा. कण्हणारे बाळ घसा अर्धवट मिटून आतली हवा धरून ठेवते, तेच काम बाहेरून करायचे, ही १९७१मधली कल्पना. नळीचे टोक पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवले की पाच सेंटिमीटरचा दाब मिळतो, आणि बुडबुडे थांबले की कुठेतरी हवा गळते आहे, हे खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या सिस्टरलाही कळते.

माझ्या माहितीतल्या एका प्रसूतिगृहात जुन्या छापील केसपेपरवर अजून ‘सक्शन दिले : वेळ’ असा रकाना आहे. तिथल्या सिस्टर आता त्याच्यापुढे आडवी रेघ मारतात आणि खाली, समासात, बॅग किती सेकंदांनी सुरू केली ते लिहितात. कागदांचा गठ्ठा अजून संपलेला नाही.