कुंडलिकेचं पाणी सकाळीच का येतं

मे महिन्यात कोकणातल्या बहुतेक नद्यांमध्ये पाण्यापेक्षा गोटेच जास्त दिसतात. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळची कुंडलिका मात्र तेव्हाही सकाळी दोन्ही काठ धरून वाहते, आणि तिच्यावर हेल्मेट घातलेल्या माणसांच्या राफ्टा उतरत असतात. पावसाळ्यानंतर आठ महिने उलटल्यावर नदीला एवढं पाणी कुठून येतं, हा प्रश्न राफ्टिंगला येणाऱ्यांपैकी फारच थोडे विचारतात. ते पाणी कुंडलिकेचं नाहीच. ते मुळा नदीचं आहे. पुण्यात संगमावर मुठेला भेटून पुढे भीमा आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून उलट्या बाजूला खाली आणलेलं आहे. रेवदंड्याच्या खाडीतून ते अरबी समुद्राला मिळतं.

हे वळण सुमारे १०० वर्षांपूर्वीचं आहे. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत होत्या आणि कोळसा बंगाल-बिहारहून किंवा जहाजाने यायचा, महाग पडायचा. घाटमाथ्यावर मात्र दर पावसाळ्यात ४ ते ५ हजार मिलिमीटर पाणी पडून वाहून जात होतं, आणि माथ्यापासून कोकणापर्यंतचा उतार जवळजवळ सरळ कडाच होता. माथ्यावर पाणी अडवायचं, बोगद्यातून कड्यापर्यंत न्यायचं, पोलादी नळांतून ५०० मीटर खाली सोडायचं आणि खाली जनित्रं फिरवायची, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ती प्रत्यक्षात आलेली पाहायला ते राहिले नाहीत. १९०४ मध्ये ते गेले, १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी उभी राहिली आणि १९१५ मध्ये लोणावळा परिसरातल्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचं वीजघर सुरू झालं. १९२२ मध्ये भिवपुरी आलं आणि १९२७ मध्ये भिरा. तिन्ही वीजघरांतून सुटलेलं पाणी कोकणातल्या नद्यांना मिळालं: खोपोलीचं पाताळगंगेला, भिवपुरीचं उल्हासला आणि भिऱ्याचं कुंडलिकेला. पुढे कोयनेचं पाणी याच रीतीने चिपळूणच्या वाशिष्ठीत उतरलं.

यांतलं भिरा सगळ्यांत वादळी ठरलं. भिऱ्याला पाणी द्यायचं म्हणजे मुळा नदीवर मुळशीला धरण बांधून मुळशी पेट्यातली सुपीक भातखाचरं आणि गावं बुडवायची. सर्वेक्षण सुरू झालं, शेतात खड्डे पडले, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी, म्हणजे तिथल्या मावळातल्या शेतकऱ्यांनी, सत्याग्रह सुरू केला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी मिळाली ती याच लढ्यात. पुढे रेल्वे अडवण्याच्या प्रकरणात त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरणविरोधी आंदोलनांच्या इतिहासात मुळशीचं नाव अगदी पहिल्यांत घेतलं जातं. कोलाडच्या काठावरच्या माहितीफलकांवर ते सहसा दिसत नाही, हे खटकतं.

आता पाण्याचा हिशेब. भिऱ्याला २५ मेगावॉटचे ६ संच आहेत, म्हणजे १५० मेगावॉट. ५०० मीटरच्या पडीवर असा एक संच पूर्ण ताकदीने चालवायला सेकंदाला साधारण ६ घनमीटर पाणी लागतं. सहाही संच चालले तर ३५ घनमीटरच्या आसपास. १९९०च्या दशकात इथे आणखी १५० मेगावॉटचा उदंचन संच बसला. विजेची मागणी कमी असते तेव्हा तो खालचं पाणी परत वर मुळशीच्या बाजूला चढवतो आणि मागणीच्या वेळी तेच पाणी पुन्हा खाली सोडतो. म्हणजे खाली आलेलं सगळं पाणी नदीला मिळतंच असं नाही.

जे मिळतं तेही थेट मिळत नाही. वीजघरातून निघालेलं पाणी भिऱ्याच्या खालच्या तळ्यात साठतं. तिथून ते राज्य सरकारच्या दुसऱ्या वीजघरात जातं. १९८०च्या दशकात रावळजे इथे उभं राहिलेलं हे वीजघर ४० मेगावॉटच्या दोन संचांचं आहे, आणि वरचं वापरलेलं पाणी पुन्हा एकदा वापरण्यासाठीच ते बांधलं गेलं. त्याच्या तोंडातून बाहेर पडतं ते राफ्टिंगचं पाणी. म्हणून राफ्टा रावळजे-साजे भागात पाण्यात उतरतात, त्याच्या वर नाही. रावळज्याच्या वरचं कुंडलिकेचं जुनं पात्र उन्हाळ्यात पाहिलं तर नदीची मूळची प्रकृती कळते: कातळ, डोह आणि मधून एखादी पाण्याची धार.

पाणी सुटण्याची वेळ वीजघर ठरवतं, सहल नेणारे नाहीत. साधारणपणे पाणी सकाळी येतं, आणि पूर्ण पातळीवर ते काही तासच टिकतं. म्हणून कोलाडला रिपोर्टिंग सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान असतं आणि मुंबई-पुण्याहून पहाटे निघून उशिरा पोहोचलेल्या गटाची राफ्ट थांबत नाही. यात उद्धटपणा नसतो. सोडलेलं पाणी लाटेसारखं खाली सरकतं. राफ्ट त्या लाटेच्या पोटात राहिली तर १२ ते १४ किलोमीटरचं अंतर दीड ते दोन तासांत सुखाने पार पडतं. शेपटीला राहिली तर पाणी पायाखालून निघून जातं, राफ्ट गोट्यांवर बसते आणि मग सगळ्यांनी उतरून ती ओढायची. सुट्टीच्या दिवशी मागणी कमी म्हणून एखादा संच बंद राहिला किंवा देखभालीसाठी थांबला, तर त्या दिवशी राफ्टिंग रद्द होतं. बुकिंग करताना ‘पाणी सुटलं नाही तर पैशांचं काय’ हे आधी विचारून घ्यावं ते यासाठीच.

राफ्टिंग इथे आलं ते या शतकाच्या पहिल्या दशकात. नदीच्या अवघडपणाला दिलेली श्रेणी २ ते ३, म्हणजे मध्यम लाटा, मोकळी वाट, मार्गदर्शकाने सांगितल्याप्रमाणे वल्हं मारलं तर अडचण नाही. रॅपिडांची, म्हणजे खळाळत्या टप्प्यांची, नावं ‘मॉर्निंग हेडेक’, ‘बटर क्रंच’ अशी. ती बाहेरून आलेल्या मार्गदर्शकांनी ठेवलेली आहेत. या वळणांना गावकऱ्यांची स्वतःची नावं असणारच, पण ती कुणी फलकावर लिहिली नाहीत. मार्गदर्शकांपैकी बरेच उत्तराखंडचे आणि नेपाळचे. पावसाळ्यात ऋषिकेशला गंगेवरचं राफ्टिंग बंद असतं, तेव्हा ही मंडळी खाली कोकणात येतात. आता स्थानिक तरुणही राफ्ट आणि कयाक चालवायला तयार झाले आहेत.

एका राफ्टमध्ये ६ ते ८ जण आणि मागे मार्गदर्शक. लाइफ जॅकेटचे सगळे बकल लावून झाल्यावर दुसऱ्याने खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढून पाहायच्या. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे, आणि पाण्यात ते माणसाला उचलण्याऐवजी त्याच्या तोंडावर चढतं. वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते आणि तिच्यावर एक हात कायम हवा. राफ्टिंगमधल्या किरकोळ दुखापतींत सुटलेली मूठ शेजाऱ्याच्या दातावर बसणं हा प्रकार पुष्कळदा घडतो. पाय राफ्टच्या आडव्या नळ्याखाली नुसते खोचायचे, अडकवायचे नाहीत. पाण्यात पडल्यावर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, बोटं पाण्याच्या वर. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, पाणी गुडघ्यापर्यंत असलं तरी. पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकतं, वरून पाणी अंगाला पुढे ढकलतं आणि माणूस गुडघाभर पाण्यात बुडतो. पोहता येतं की नाही याचा इथे फारसा संबंध नसतो. सोबत एक सेफ्टी कयाक, म्हणजे पडलेल्यांना गाठायला छोटी वल्हवायची होडी, आहे का आणि मार्गदर्शकाकडे फेकण्याच्या दोराची पिशवी आहे का, हे दोन प्रश्न राफ्टच्या रंगापेक्षा महत्त्वाचे.

खाली डोलवहाळचा बंधारा आहे. त्यातून सिंचनाचे कालवे निघतात. शेतीला दुबार पाणी आणि रोह्याच्या औद्योगिक वसाहतीला पुरवठा, हे सगळं याच वीजघराच्या पाण्यावर चालतं. राफ्टिंग बंधाऱ्याच्या आधी संपवतात आणि तेच शहाणपणाचं आहे. बुटक्या बंधाऱ्यावरून पडणारं पाणी दिसायला सौम्य असतं, पण त्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरत राहतं आणि आत गेलेली वस्तू बाहेर सोडत नाही. कोणत्याही नदीवर उंच धबधब्यापेक्षा अशा बंधाऱ्याला जाणकार जास्त भितात.

त्याच खोऱ्यात वरच्या अंगाला देवकुंड धबधबा आहे. भिऱ्याहून पायवाटेने तळ्याच्या कडेने निघून जंगलातून साधारण ६ किलोमीटर. वर्षानुवर्षं तिथे पाटणूस-भिऱ्याचे लोक आणि थोडे डोंगरभटके जायचे. २०१० नंतर मोबाइलवरच्या फोटोंनी त्याला गर्दीचं ठिकाण केलं. धबधब्याखालचा डोह खोल आणि थंड आहे. मात्र इथे घात बहुतेक वेळा वाटेवरच्या ओढ्यांनी होतो. पाऊस पडतो वर ताम्हिणी-पिंपरीच्या माथ्यावर. खाली ऊन असतानाही अर्ध्या-पाऊण तासात ओढा घोट्यावरून कमरेपर्यंत येतो आणि पलीकडे गेलेले अडकतात. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पानं-काटक्या वाहू लागल्या, की ओलांडायचं नाही, थांबायचं. ओढे काही तासांत उतरतात. माणसं बुडाल्यानंतर प्रशासन पावसाळ्यात देवकुंडला जमावबंदी लावू लागलं आणि आता ते जवळजवळ दरवर्षीचं झालं आहे. अंधारबनची वाट पिंपरीहून उतरून भिऱ्यालाच येते, तिच्यावरही हेच ओढे आडवे येतात.

विजेच्या प्रकल्पांनी कोकणातल्या भटकंतीला वाट करून दिल्याचं कुंडलिका हे एकटं उदाहरण नाही. माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याकडे जाणारा बोगदा आणि रस्ताही अर्धवट राहिलेल्या जलविद्युत प्रकल्पाचाच. प्रकल्प थांबला, रस्ता राहिला, आणि रस्त्यावरून लोक कड्याच्या टोकापर्यंत जाऊ लागले. तिथे ना कठडा आहे, ना कुणी सांगणारा.

नियम उशिरा आले. राज्याने साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी २०१८ मध्ये शासन निर्णय काढला आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यानुसार जमीन, पाणी आणि हवेतले उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची. नोंदणी क्रमांक मागावा. तो नसेल तर विमा आणि मार्गदर्शकाचं प्रशिक्षण याबद्दल मिळणाऱ्या उत्तरांवर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही.

गेल्या काही वर्षांत पुणे आणि भीमा खोऱ्यातून एक मागणी जोर धरते आहे: मुळशीचं पाणी कोकणात सोडून वीज करण्यापेक्षा ते पूर्वेला परत वळवा. वीज आता इतर मार्गांनी होते, पाणी होत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७०च्या दशकात टाटांच्या धरणांतून पश्चिमेला जाणारं पाणी हिशेबात धरलं होतं. तिन्ही प्रकल्पांचं मिळून ते वर्षाला सरासरी ४२ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास भरतं. दुष्काळी भागाच्या बाजूने पाहिलं तर मागणी अन्याय्य म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूला रोह्याचे कारखाने, डोलवहाळचे कालवे, नदीकाठच्या नळयोजना आणि कोलाडचं राफ्टिंग आहे. त्यांच्यापैकी कुणीही मुळशीचं धरण मागितलं नव्हतं, पण सगळे त्याच्या पाण्यावर उभे आहेत. पाणी वळलं तर कुंडलिकेवर राफ्टिंग उरेल ते जून ते सप्टेंबर. तेव्हा नदीचं स्वतःचं पाणी असतं, आणि त्याची वेळ कुणी ठरवत नाही.