गणितपूर्व तयारी

अंक लिहायला लागण्याआधी, साधारण अडीच ते सहा या वयात, संख्या, आकार आणि जागा यांची समज यावी म्हणून घरी, अंगणवाडीत किंवा बालवाडीत मुलांकडून करून घेतले जाणारे काम. जोड्या लावणे, वेगवेगळे गट करणे, लहान-मोठे क्रमाने मांडणे, मोजणे, रचणे आणि कुठली वस्तू कुठे आहे ते सांगणे, एवढा त्याचा आवाका. पाढे त्यात येत नाहीत.

महाराष्ट्रात या कामाला शिस्त आली ती मुख्यतः माँटेसरी पद्धतीमुळे, म्हणजे ठरावीक साधने स्वतः हाताळत शिकण्याच्या पद्धतीमुळे. तिच्यातला गुलाबी मनोरा १ ते १० सेंमी. बाजूंच्या दहा घनांचा असतो, तर दांड्या १० सेंमी.पासून १ मीटरपर्यंत दहा-दहा सेंमी.ने वाढत जातात. हे लाकडी साहित्य महाग पडते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी (आता पालघर जिल्हा) परिसरात बालशिक्षण उभे केले ते बिया, शिंपले, खडे, पाने अशा गावातच मिळणाऱ्या वस्तूंवर. दांड्यांसाठी साडेपाच मीटर बांबू पुरतो. मापे मात्र नेमकी हवीत, कारण शेजारच्या दोन दांड्यांमधला फरक सर्वत्र सारखा असणे हाच त्या साधनाचा गाभा आहे.

पोर शंभरपर्यंत घडाघडा म्हणते म्हणून त्याला मोजता येते असे नाही. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वे मांडली. एका वस्तूला एकच अंक, अंकांचा ठरलेला क्रम आणि शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या, ही पहिली तीन. उरलेली दोन अशी : काहीही मोजता येते आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच येते. तिसरे तत्त्व उशिरा उमगते. ते तपासायला पुढ्यात दहा चिंचोके ठेवून ‘मला चार दे’ म्हणावे. ज्याला नुसते म्हणता येते, ते मूठभर उचलून देते. मुले आधी फक्त ‘एक’ अचूक देतात, मग ‘दोन’, मग ‘तीन’. दोन पायऱ्यांमध्ये काही महिने जाऊ शकतात. ‘चार’च्या आसपास एकदम उलगडा होतो आणि पुढच्या संख्याही मोजून देता येऊ लागतात. म्हणून ज्याला ‘तीन’ जमत नाही त्याच्यासमोर वीस वस्तू मांडण्यात अर्थ नाही.

मोजताना एखादी वस्तू दोनदा धरली जाते किंवा सुटते, ते बहुधा मोजलेली आणि न मोजलेली यांची सरमिसळ झाल्यामुळे. चिंचोका डावीकडून उजवीकडे सरकवत अंक म्हणायला लावले की चूक कमी होते. गोलात मांडलेल्या वस्तूंत सुरुवातीच्या वस्तूवर खूण हवी. मोजून झाल्यावर ‘मग किती झाले?’ विचारावे. मूल पुन्हा एकपासून सुरू झाले, तर तिसरे तत्त्व अजून आलेले नाही. अशा वेळी मोठ्या माणसाने आधी एकूण संख्या सांगून मग मोजून दाखवावे : ‘हे बघ, तीन वाट्या. एक, दोन, तीन.’

दहाच्या पुढे मराठी मुलाची वाट बिकट होते. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात, लिहिताना मात्र दोन आधी; त्यामुळे ५२ लिहिले जाते. ‘एकोणतीस’ ऐकायला तिसांतला वाटतो, असतो विसांतला. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन आले तेव्हा मोठा वाद झाला. सहा वर्षांच्या आत त्या वादात पडण्याचे कारण नाही. वीसपर्यंत वस्तूंसह पक्के झाले तरी भरपूर. तीस अंड्यांच्या कागदी ट्रेचे तीन सारखे तुकडे केले की दोन-दोन ओळींचे, दहा खळ्यांचे तीन साचे मिळतात. एक भरलेला साचा आणि बाहेर तीन बिया म्हणजे तेरा. ३ आणि ६ उलटसुलट लिहिले जातात, ते या वयात स्वाभाविक आहे. त्यासाठी पाटी भरून घोटवून घेऊ नये.

जागेच्या समजेकडे सहसा दुर्लक्ष होते. ‘ते तिकडे ठेव’ऐवजी ‘डबा फडताळात, पातेल्याच्या मागे ठेव’ असे म्हटले की मुलाच्या कानावर उपयोगी शब्द पडतात. आत-बाहेर, वर-खाली आधी येतात. अलीकडे-पलीकडे बोलणाऱ्याच्या जागेवर ठरते आणि डावे-उजवे अंगावरून ठरते, म्हणून हे शब्द उशिरा बसतात. डावे-उजवे शिकवताना मुलाकडे तोंड न करता त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभे राहावे. आकारांच्या तक्त्यावर त्रिकोण नेहमी पायावर बसलेला असतो. तो फिरवला की मुले ‘हा त्रिकोण नाही’ म्हणतात आणि तिरक्या चौरसाला शंकरपाळी. लांबट, तिरके, उलटे असे सगळे त्रिकोण दाखवावेत. रिकाम्या काडेपेट्यांत वाळू भरून त्या चिकटवल्या की रचायला ठोकळे होतात, आणि आडवी, कडेवर, उभी अशी तीन उंचींची पेटी हाताला कळते. ठिपक्यांची रांगोळी खडूने, तीन गुणिले तीन ठिपक्यांपासून सुरू करावी. पाच ते एक (मधल्या ओळीत पाच, तिच्या दोन्ही बाजूंना तीन आणि एक, असे तेरा ठिपके) नंतर.

खेळांत एका सरळ ओळीतला १ ते १० घरांचा पट सर्वांत उपयोगी. सोंगटी ३ वर असून २ चे दान पडले तर ‘एक, दोन’ न म्हणता ‘चार, पाच’ म्हणत सरकायचे. पटावरचे अंक लक्षात राहतात ते यामुळेच. सापशिडीत दर ओळीला दिशा बदलते, म्हणून चार वर्षांची मुले दहाव्या घरापाशी अडकतात.

तीन वर्षांखालच्या मुलांना चिंचोके, मणी, गोट्या देऊ नयेत, घशात अडकतात; वाट्या, झाकणे, बटाटे चालतात. गुंजा आणि एरंडाच्या बिया कितीही देखण्या असल्या तरी विषारी आहेत, त्या कोणत्याच वयाच्या मुलांच्या मोजणीत वापरू नयेत.