भारवाहू वायुनौका

रस्ता, लोहमार्ग किंवा धावपट्टी नसलेल्या दुर्गम भागात बांधकामाचे अवजड भाग थेट जागेवर नेऊन उतरवण्यासाठी आखलेल्या मोठ्या वायुनौकेला (हेलियमसारख्या हलक्या वायूच्या आधाराने हवेत तरंगणाऱ्या यानाला) भारवाहू वायुनौका म्हणतात. पवनचक्कीची पाती, वीजवाहिनीचे मनोरे आणि पुलाचे तयार गाळे घाटरस्त्याच्या वळणावर अडतात ते बहुधा वजनापेक्षा लांबीमुळे. हेलिकॉप्टरने न्यावे, तर मी-२६ हे सर्वांत मोठे हेलिकॉप्टरसुद्धा सुमारे २० टनांवर थांबते. उत्तर कॅनडातील अनेक वस्त्या व खाणी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून आखलेल्या बर्फाच्या रस्त्यांवर विसंबून असतात, आणि तापमानवाढीमुळे त्या रस्त्यांचा हंगाम आखडत चालल्याने तेथे या कल्पनेला विशेष महत्त्व आले आहे.

समुद्रसपाटीला एक घनमीटर हेलियम सुमारे एक किलो वजन उचलतो. त्यामुळे ६० टन मालासाठी, नौकेचे स्वतःचे वजन सोडूनही, ६०,००० घनमीटर वायू लागतो. उंचावर हवा विरळ असल्याने ही क्षमता घटते, म्हणजे डोंगराळ प्रदेशात, जिथे गरज अधिक, तिथेच नौका कमी उचलते.

मात्र माल उचलण्यापेक्षा तो उतरवणे कितीतरी अवघड आहे. साठ टनांचा भार सुटताच नौका तेवढ्याच जोराने वर झेपावू पाहते, म्हणून भार जमिनीवर टेकत असतानाच तितक्याच वजनाचे पाणी टाक्यांत भरून घ्यावे लागते. ओसाड किंवा गोठलेल्या प्रदेशात एवढे पाणी मिळवणे हेच एक काम होऊन बसते, आणि हेलियम दुर्मीळ व महाग असल्याने तो हवेत सोडून देणे परवडत नाही. संकरित वायुनौकांनी यावर निराळी वाट काढली: त्या हवेपेक्षा किंचित जड असतात आणि उरलेली उचल पुढे जाताना त्यांच्या पंखासारख्या आकारातून मिळते. २०१६ मध्ये इंग्लंडमधील कार्डिंग्टन येथून उडालेली ‘एअरलँडर १०’ ही ९२ मीटर लांबीची नौका याच प्रकारची होय.

प्रयत्नांचा इतिहास खडतर आहे. चार हेलिकॉप्टरांचे सांगाडे एका जुन्या वायुनौकेला जोडून बनवलेले ‘हेलिस्टॅट’ १९८६ मध्ये अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे कोसळले आणि त्यात एका वैमानिकाचा मृत्यू झाला. जर्मनीतील ‘कार्गोलिफ्टर’ कंपनीने १६० टनी नौकेसाठी बर्लिनच्या दक्षिणेस ३६० मीटर लांब व १०७ मीटर उंच हँगर उभारला, परंतु २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ती नौका कधीच बांधली गेली नाही. सध्या फ्रान्समधील ‘फ्लाइंग व्हेल्स’ ६० टन क्षमतेची, २०० मीटर लांबीची नौका विकसित करीत आहे. ती जमिनीला न टेकता, एकाच जागी तरंगत राहून, विंचच्या (दोर गुंडाळून भार वर-खाली करणाऱ्या यंत्राच्या) साहाय्याने माल चढवणार व उतरवणार आहे. एवढ्या प्रचंड आकाराची नौका वाऱ्याच्या झोतांत स्थिर धरणे हीच या पद्धतीतील सर्वांत कठीण कसोटी आहे.